धरण किती टक्के?

युट्यूबवर ल्युअर फिशिंगचे, म्हणजे खोटं आमिष टाकून मासा धरण्याचे, व्हिडिओ बघत बसलं की एक गोष्ट लगेच ध्यानात येते, तिकडचा, अमेरिका-युरोपातला, माणूस बोटीत चढल्या चढल्या पाण्याचं टेम्परेचर सांगतो. मासा नंतर, गप्पा नंतर, आधी आकडा. पाणी पन्नास फॅरनहाइटच्या वर सरकलं म्हणजे लार्जमाउथ बास, तिकडचा लाडका शिकारी मासा, खोलातून काठाकडे निघाला, साठच्या पुढे गेलं की उथळ जागी घरटी करणार, मग उन्हाळ्यात तळ्याचे थर पडणार, वर गरम, खाली गार, मधे थर्मोक्लाइन, म्हणजे जिथे टेम्परेचर एकदम बदलतं तो थर, आणि हिवाळ्याच्या तोंडावर वरचं पाणी गार झालं की ते जड होऊन खाली बसणार आणि अख्खं तळं ढवळून निघणार. पाणी ४ अंश सेल्सिअसला सगळ्यात जड असतं, या शाळेतल्या एका वाक्यावर मिनेसोटापासून फिनलंडपर्यंतच्या मासे पकडणाऱ्यांचं सगळं वेळापत्रक उभं आहे. कुठल्या महिन्यात तळाला जाणारा जिग, कुठल्या महिन्यात पाण्यातून डुलत येणारा क्रँकबेट, कधी पाण्यावर चालणारा टॉपवॉटर, सगळं त्या थर्मामीटरवरून.

आणि हे सगळं डोक्यात भरून आपण पहाटे साडेचारला पुण्यातून निघतो, पवनेच्या नाहीतर मुळशीच्या काठावर उभे राहतो आणि त्यातलं काहीही लागू पडत नाही. आपलं पाणी ४ अंशाच्या आसपास कधी जातच नाही, बर्फाचा तर प्रश्नच नाही, आणि स्प्रिंग म्हणावं असं इथे आहे काय? होळीनंतर डायरेक्ट भट्टी.

मी बरीच वर्षं या धरणांवर ल्युअर टाकतोय आणि आता माझं मत पक्कं झालंय, आपल्याकडे माशाचा सीझन पाण्याच्या पातळीत मोजायचा. पाणी चढतंय का उतरतंय, आणि किती वेगाने. बाकी टेम्परेचर, चंद्र, बॅरोमीटर वगैरे सगळं त्याच्या मागून. अमेरिकेतल्या नैसर्गिक तळ्याचा काठ वर्षभर साधारण तिथल्या तिथे असतो, आपल्या धरणाचा काठ ऑगस्टमध्ये झाडीत असतो आणि मेमध्ये तिथून अर्धा किलोमीटर आत चालत जावं लागतं, मग माशाने राहायचं कुठे हा त्याच्यापुढचा रोजचा प्रश्न. जागा सरकते म्हणून मासा सरकतो. आणि आपल्याला तर ही पातळी मोजायला मशीनसुद्धा विकत घ्यायला लागत नाही, पेपरात रोज येते. खडकवासला साखळीत इतके टीएमसी (एक टीएमसी म्हणजे अब्ज घनफूट पाणी), पवना इतके टक्के, उजनी उणे अमुक. तो चौकोन पुण्यातला माणूस नळाच्या काळजीने वाचतो, मी माशासाठी वाचतो.

उजनीचं ते उणे बाहेरगावच्या लोकांना कळत नाही. धरण सगळं भरलं तर जवळपास ११७ टीएमसी, पण त्यातलं ६३ च्या वर मृतसाठा, म्हणजे कालव्याच्या दाराच्या खालचं. जिवंत साठा संपला की आकडा शून्य होतो आणि मग उणे सुरू. २०२४ च्या उन्हाळ्यात तो उणे साठ टक्क्यांच्या जवळ गेला होता, म्हणजे बातमीत धरण संपलेलं, पण खाली तीस-बत्तीस टीएमसी पाणी आणि त्यात जून उजाडायची वाट बघत दाटीवाटीने बसलेला सगळा मासा. अशा वेळी उजनीत मासे लागणं ही काही कर्तबगारी नाही, हे मी तेव्हाही म्हणायचो.

आता वर्ष सुरू कुठून करायचं? जानेवारीपासून करण्यात अर्थ नाही. धरणाचं वर्ष मृगाला सुरू होतं.

पहिला मोठा पाऊस पडला, ओढे-नाले फुटले, शेतातलं पाणी वाहायला लागलं की वलगण. ज्यांनी पाहिली नाही त्यांना सांगून कळणार नाही, पण कर्जत, मुरबाड, पेण, मावळ या पट्ट्यातल्या कुणालाही विचारा, त्याचे डोळे चमकतील. उन्हाळाभर डोहात नाहीतर धरणात अडकलेला मासा वाहत्या पाण्याचा वास आला की उलटा चढायला लागतो, ओढ्यातून खाचरात, खाचरातून बांधावरच्या फटीतून वरच्या खाचरात, वीतभर पाण्यात पाठ बाहेर काढून पळणारे मासे, आणि मागे बॅटरी, काठ्या, पागेर, घमेली, अगदी फाटक्या साड्यासुद्धा घेऊन सगळं गाव. अंड्यांनी भरलेल्या माद्या असतात सगळ्या. चवीला विचाराल तर मी खाल्लेले सगळ्यात चविष्ट मासे हे वलगणीचेच आहेत आणि हेही खरं की त्या एका रात्रीत पुढच्या वर्षीचा किती मासा आपण पोटात घालतो त्याचा कुणी हिशोब ठेवत नाही. समुद्रावर कोळी नारळी पौर्णिमेपर्यंत होडी काढत नाही, तो दंडक अंगात मुरलेला आहे. गोड्या पाण्यावर लोकांच्या मनात तसलं काही नाही, उलट त्याच दिवसांत जत्रा.

ल्युअरवाल्याने या दिवसांत जावं का? जायचंच असेल तर धरणाला मिळणाऱ्या ओढ्याच्या तोंडाशी जा आणि नुसतं बघा. गढूळ लाल पाणी आत घुसतं आणि धरणाचं जुनं हिरवट पाणी तसंच थांबलेलं असतं, दोघांच्या मधे एक रेघ दिसते, स्पष्ट, जणू कुणी दोरी टाकलीय. शिकारी मासा त्या रेघेच्या स्वच्छ बाजूला तोंड करून उभा असतो. लाल पाण्यात त्याला दिसत नाही, पण पाण्यातली थरथर त्याच्या अंगावरच्या रेषेला कळते, म्हणून अशा वेळी कोलोराडो पात्याचा स्पिनर, जो नुसता थडथडतो, किंवा आत छर्रे वाजणारा लिपलेस क्रँकबेट. रंग एकतर भडक पोपटी नाहीतर चक्क काळा. काळा ऐकून लोक हसतात, पण गढुळात खालून वर बघणाऱ्या माशाला आभाळाच्या उजेडावर काळी आकृती जेवढी उठून दिसते तेवढं तुमचं साडेसातशे रुपयांचं होलोग्राफिक फिनिश दिसत नाही.

मग धरण चढतं. आषाढात रोज फूट-फूट, कधी एका रात्रीत त्याहून जास्त, आणि कालपर्यंत जिथे गुरं चरत होती ते गवत पाण्याखाली. हे दिवस मरळीचे. मरळ म्हणजे आपल्याकडचा खरा ल्युअरचा मासा, सापासारखं डोकं, अंगावर पट्टे, आणि हवेतला श्वास घेतल्याशिवाय ती जगूच शकत नाही, डोक्यात कल्ल्यांच्या वर तिला त्यासाठी वेगळी जागा आहे. म्हणून जिथे दुसरा मासा गुदमरेल अशा चिखलात, शेवाळात, जलपर्णीच्या खाली ती आरामात राहते. आणि तिथे गळ टाकला तर तो गवतात अडकतो, त्यावर उपाय म्हणजे पोकळ रबरी बेडूक. दोन्ही हुक पाठीला चिकटून वर वळलेले, त्यामुळे बेडूक गवतावरून सरपटत येतो, कशात अडकत नाही, आणि मरळीने तोंडात दाबला की रबर चेपतं आणि हुक उघडे पडतात. इतकी साधी वस्तू आहे आणि इतकी डोकेबाज.

त्या स्ट्राइकबद्दल मी काय लिहू? शांत पाणी, बेडूक टुकटुक येतोय, आणि एकदम कुणीतरी खालून धोंडा मारल्यासारखं पाणी फुटतं. नवीन माणूस त्याच क्षणी रॉड खेचतो आणि बेडूक उडून त्याच्याच अंगावर येतो. थांबायचं असतं. दोरी जडावल्याचं हाताला कळलं की मग खेचायचं, आणि खेचायचं ते दया न दाखवता, चाळीस-पन्नास पौंडी ब्रेड, म्हणजे विणलेली दोरी, लावा, कारण मासा लागल्यावर पहिल्या दोन सेकंदात तो गवतात घुसला तर तुम्ही मासा नाही, गवताची पेंढी ओढत बसता.

पण याच दिवसांत मरळीची पिल्लं असतात. पाण्यावर तांबूस नारिंगी ठिपक्यांचा एक गोळा फिरताना दिसतो, शेकडो पिल्लं, उकळत्या पाण्यासारखी खालवर होणारी, कारण त्यांनाही हवा घ्यायला वर यावं लागतं. आणि त्यांच्या बरोबर खाली, हातभर अंतरावर, आईबाप. या गोळ्यावरून बेडूक ओढला तर मरळ घेतेच. भूक असो नसो, ती पिल्लांवर आलेल्या वस्तूला मारायला येते. इन्स्टाग्रामवरच्या पावसाळ्यातल्या मरळीच्या रील्समधल्या कितीतरी अशाच मिळवलेल्या असतात, ज्याला पाणी वाचता येतं त्याला कळतं. आणि मोठी मरळ उचलली की तो गोळा अर्ध्या तासात बाकीचे मासे, बगळे, पाणकावळे साफ करतात.

तिकडे बासच्या बाबतीत हा वाद जुना आहे. घरट्यावरचा नर बास पकडून फोटो काढून सोडला तरी तेवढ्या वेळात ब्लूगिल नावाचे मासे अंड्यांवर तुटून पडतात, हे तिथल्या अभ्यासकांनी पाण्यात उतरून पाहिलंय, म्हणून काही ठिकाणी तेवढे आठवडे सीझनच बंद ठेवतात. आपल्याकडे असा कायदा करा म्हणून मी मोर्चा काढणार नाही, पण मी स्वतः गोळा दिसला की तिथे टाकत नाही. माझा एक मित्र यावर माझ्याशी दरवर्षी भांडतो, त्याचं म्हणणं जाळंवाला तर आख्खा गोळा पिल्लांसकट उचलून अॅक्वेरियमला विकतो, तुझ्या एका बेडकाने काय होतंय. त्याचा मुद्दा मला खोडता येत नाही. पण तो गोळा दिसल्यावर माझा हात चालत नाही, बस. बरं श्रावणात आमच्या घरी मासा येतही नाही, त्यामुळे घरच्या आघाडीवर शांतता असते.

धरण भरलं, सांडव्यावरून पाणी गेलं, गणपती आले की पुढचा महिना-दीड महिना मला कंटाळवाणा वाटतो. पाणी इतकं पसरलेलं असतं, काठाला इतकं खायला असतं, की मासा कुठेही असू शकतो, म्हणजेच कुठेच नसतो. लोक याच दिवसांत सगळ्यात जास्त येतात, कारण हिरवंगार असतं आणि फोटो छान येतात.

खरी मजा दसऱ्यानंतर. गाळ खाली बसतो, पाणी निवळायला लागतं, रोज सकाळी गेलं तर आपल्यालाच कळतं की काल गुडघ्यापर्यंत दिसत होतं आज पावलं दिसतायत. आता खडस, म्हणजे आपला महसीर. पाणी निवळलं की तो डोळ्याने शिकार करतो, आणि म्हणून आता चमक लागते, स्पून, छोटा मिनो, साधा इनलाइन स्पिनर. स्पूनची गोष्ट अशी सांगतात की अमेरिकेत व्हरमाँटमध्ये ज्युलिओ ब्युएल नावाच्या माणसाचा जेवायचा चमचा तळ्यात पडला आणि तो डुलत खाली जाताना माशाने झडप घातली. गोष्ट खरी खोटी देव जाणे, पण त्याने १८५२ साली पेटंट घेतलं हे खरं. आणि रापाला तर मला फार आवडणारा माणूस, लाउरी रापाला, फिनलंडमधला गरीब कोळी, त्याने बघितलं की मोठा मासा शंभर माशांच्या थव्यातून नेमका लंगडत पोहणारा एक उचलतो, मग १९३६ साली त्याने बुचाच्या लाकडाचा मासा कोरला, चॉकलेटची चांदी गुंडाळली, वरून फोटोच्या निगेटिव्ह वितळवून त्याचं पॉलिश दिलं, आणि तो पाण्यात बरोबर तसा लंगडत चालायला लागला. आज दुकानात शेकडो मॉडेल आहेत पण मुद्दा तोच आहे, तुमचा ल्युअर थव्यातला जखमी वाटला पाहिजे. महसीरसाठी मी त्याचे तीनतोंडी हुक काढून एकेरी लावतो आणि त्याची नांगी, म्हणजे टोकाजवळचा उलटा काटा, पक्कडीने दाबून टाकतो, सोडायला सोपं जातं. बरेच लोक म्हणतात मासा सुटतो. सुटू दे की, सोडणारच आहोत.

महसीरबद्दल पुणेकराला थोडा माज करायला हरकत नाही. शास्त्राच्या पुस्तकात याचं नाव टॉर खुद्री, आणि ते १८३९ साली कर्नल साइक्सने दिलं ते पुण्याच्या पूर्वेला मुळा-मुठेत सापडलेल्या माशावरून. आज त्या जागी मुळा-मुठेत काय तरंगतं ते लिहायला नको. जिथे देवाने सांभाळला तिथे तो आजही आहे, महाडजवळ वाळण कोंडीत वरदायिनीचे मासे म्हणून त्याला कुणी हात लावत नाही. आणि लोणावळ्यात टाटांच्या वळवण तलावाशी १९७० च्या सुमारास महसीरची हॅचरी सुरू झाली, तिथे सी. व्ही. कुलकर्णी आणि ओगले यांनी याची अंडी ओल्या कापसात गुंडाळून लांब पाठवायची युक्ती बसवली, पाण्याच्या पिशव्यांचं ओझंच नाही. त्यामुळे मावळातल्या तलावांत महसीर आहे आणि आपल्याला स्पून टाकायला मिळतोय. पण याची दुसरी बाजूही सांगायला हवी. हाच लोणावळ्याचा महसीर कावेरीत सोडला गेला, तिथे तो फोफावला आणि कावेरीचा स्वतःचा कुबडवाला महसीर, जगातला सगळ्यात मोठा होणारा, दिसेनासा होत गेला. २०१८ मध्ये त्याला टॉर रेमादेवी हे नाव पक्कं झालं आणि त्याच वर्षी तो अतिसंकटग्रस्तांच्या यादीत गेला. चांगल्या हेतूने टाकलेला मासा. धरणाच्या बाबतीत कुणी म्हणालं की आपण इथे अमुक मासा सोडूया, छान स्पोर्ट मिळेल, की मला कावेरी आठवते आणि मी विषय बदलतो.

थंडीचं फार लिहिण्यासारखं नाही. डिसेंबर-जानेवारीत पहाटे उठून जाणं हा निव्वळ हट्ट आहे, धुकं सुंदर असतं, मासा झोपलेला असतो. दहानंतर जा, जेवणाचा डबा घेऊन जा, आणि उत्तरेकडच्या काठाला जिथे दिवसभर ऊन लागतं असा खडक शोधा, खडक तापतो, त्याच्या कडेचं पाणी तेवढंच कोमट होतं. छोटा जिग, तळाला टेकवत, कंटाळा येईल इतक्या सावकाश. मरळ तर या दिवसांत वर यायचं नावच घेत नाही, गार पाण्यात तिला श्वासही कमी लागतो.

आणि मग पाणी उतरायला लागतं. कालव्याचं आवर्तन सुटतं, शहराला पाणी जातं, टाटांच्या धरणांचं पाणी घाटाखाली खोपोली, भिवपुरी, भिऱ्याच्या वीजघरांत जातं, वरून ऊन पितं ते वेगळं. शिमग्यानंतर दर आठवड्याला काठ खाली सरकलेला. हा माझा सगळ्यात आवडता सीझन, आणि ज्यांना उन्हाचा त्रास नाही त्यांचाही व्हावा. मासा दाटतो, जागा कमी होतात, आणि ज्या उरतात त्या तुम्हाला दिसतात. दुपारनंतर घाटाकडून पश्चिमेचा वारा सुटतो, तो पाण्यावरचं सूक्ष्म खाद्य पूर्वेच्या काठाला ढकलतो, त्यामागे बारीक मासे, त्यामागे मोठे. म्हणून एप्रिलमध्ये संध्याकाळी वाऱ्याच्या तोंडावर उभं राहून टाकायचं, अवघड जातं, ल्युअर परत येतो, दोरीचा गुंता होतो, पण मासा तिथेच असतो आणि पाठीवर वारा घेऊन सुखात टाकणारे बहुतेक रिकामे जातात. पहाटे आणि तिन्हीसांजेला पॉपर, पाण्यावर टपटप आवाज करणारा ल्युअर. उंबराचं झाड पाण्यावर झुकलेलं असेल तर महसीर फळं खायला त्याच्या खाली येतो, तिथे नुसतं गोल काहीतरी पाण्यावर टपकन पडलं तरी वळून बघतो.

पण मेमध्ये एखादा दिवस तरी रॉड घरी ठेवून धरणात चालायला जा, हे माझं सगळ्यांना सांगणं असतं. पाणी असताना जे तुम्हाला अंदाजाने कळतं ते सगळं उघडं पडलेलं असतं. जुनी नदी कुठून वळते, कुठे एकदम खोल आहे, कुठे झाडांची खोडं अजून उभी आहेत, कुठे दगडाची भिंत आहे. फोनवर फोटो काढायचे, लोकेशन टाकून ठेवायची. ऑक्टोबरमध्ये तिथे वर वीस फूट पाणी असताना तुम्हाला माहीत असतं की आपला जिग भिंतीच्या या बाजूने त्या बाजूला उतरतोय. फक्त गाळापासून सांभाळा, वरून वाळून भेगा पडलेला दिसतो आणि खाली कमरेएवढा चिखल असतो.

हे चालायला लागल्यावर मला एक गोष्ट लागली जी व्हिडिओत कुणी सांगत नाही. तिकडे ज्याला स्ट्रक्चर म्हणतात, ती आपल्या धरणात बहुतेक वेळा कुणाची तरी शेती आहे. दगडी भिंत म्हणजे ताल आहे, बांध आहे. पायऱ्या म्हणजे घाट. गोल खड्डा म्हणजे विहीर. पवनेत वाघेश्वराचं देऊळ उन्हाळ्यात वर येतं, उजनीत पळसदेवचं, तिथे लोक फोटोला जातात, पण देवळाच्या भोवती गाव होतं आणि गावाला वावरं होती हे मासा जास्त चांगलं ओळखतो. मुळशीच्या पाण्याखाली जी गावं गेली त्यांच्यासाठी १९२१ मध्ये सेनापती बापटांनी सत्याग्रह केला होता, त्या मातीत आज आपण ‘बॉटम चांगला आहे’ म्हणतो.

मुळशीचं आता सांगणारं कुणी उरलं नाही. पवना मात्र सत्तरीच्या दशकातलं, तिथे ज्यांनी त्या वावरात औत धरलं ते लोक अजून आहेत. काठाच्या एका गावात एक बाबा आहेत, गुरं घेऊन येतात, मी टाकत असलो की जरा लांब बसून बघतात. सुरुवातीला त्यांना माझ्या रबरी बेडकाचं फार हसू यायचं. "पाव्हणं, एवढं पैसं घालून खोटा बेडूक आन्लाव, खरं कितीतरी हायती की हितं." एकदा त्यांनी हाताने दाखवलं, तिकडं न्हाई, जरा उजवीकडं टाका, तिथं आमची ताल हुती, तिच्याखाली गाळाची जिमीन, भात लय यायचं. मी टाकलं. मासा लागला का? त्या दिवशी नाही. पण पुढच्या उन्हाळ्यात पाणी उतरल्यावर मी तिथे चालत गेलो तर ताल बरोबर तिथेच होती, त्यांनी दाखवलेल्या जागेपासून दहा पावलंही इकडेतिकडे नाही, आणि त्यांनी ती पाण्याच्या वरून, पन्नास वर्षांनी, नुसती समोरच्या डोंगराची सोंड बघून सांगितली होती. पुढे त्याच तालीवर मला चांगले मासे लागले. माझ्याकडे फिश फाइंडर आहे, त्यात तळ दिसतो, खडक दिसतो, मासाही दिसतो. इथे भात चांगलं यायचं म्हणून गाळ जाड आहे आणि म्हणून किडे-झिंगे जास्त, हे दिसत नाही.

मोबदल्याचं, पुनर्वसनाचं त्यांना मी विचारलं होतं. त्यांनी गुरांकडे बघत "त्ये ऱ्हाऊ द्या" म्हटलं, मग मी परत विचारलं नाही. मासे मात्र त्यांना हवे असतात, महसीर सोडतो हे त्यांना पटलेलं नाही. "धरायचा आन् सोडायचा, मंग धरता कशाला?" याला माझ्याकडे आजतागायत उत्तर नाही. त्यांच्या वाटणीच्या चिलाप्या (तिलापिया मासे) पिशवीत घालून देतो, तेवढ्यावर आमचं जमतं.

चिलापीवर शेवटी दोन ओळी, कारण ल्युअरवाले तिच्याकडे ढुंकून बघत नाहीत आणि ते चूक आहे. ही आफ्रिकेतली, १९५२ मध्ये भारतात आणली आणि मग तिने मागे वळून बघितलं नाही, अंडी-पिल्लं तोंडात सांभाळते त्यामुळे पाणी चढो उतरो तिला फरक पडत नाही. आमचं वर सांगितलेलं सगळं पातळीचं शास्त्र तिच्यापुढे लंगडं पडतं. उजनीत तर जाळ्यात बघावं तिकडे तीच, भिगवण-इंदापूरच्या बाजारात ढीग लागतात, कित्येक भोई कुटुंबांची चूल तिच्यावर चालते. पाणी उतरलं की उथळ गाळात ताटाएवढे गोल खड्डे दिसतात, ती तिच्या नराची घरटी. त्यावर एक-दोन ग्रॅमचा छोटा जिग किंवा अगदी बारका स्पिनर अल्ट्रालाइट रॉडवर टाकून बघा, अंगाच्या मानाने भलतीच जोरात ओढते. परवानगी काय ती तिथल्या मच्छीमार सोसायटीला आधी विचारा, ठेका त्यांचा असतो, आपण पाहुणे. आणि मरळीच्या गोळ्याला, महसीरला जी सूट देतो ती हिला द्यायची गरज नाही, बाराही महिने धरा, घरी न्या, हळद-मीठ-आमसूल लावून तासभर ठेवा आणि रव्यात घोळवून तव्यावर कडक भाजा, काटे मोठे असतात, पोरंही खातात.